एक्कावन्न ठेंगणी झाडं

मस्तगड, जालना
५ जानेवारी २००३

अक्का,

जयभीम. पत्र कामाचं आहे, म्हणून आधी काम लिहिते.

मी आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उत्पादन शाखा. इथल्या उद्योजकांच्या एका मंडळानं शाळांसाठी स्पर्धा ठेवली आहे. ते एखाद्या धंद्यातली खरीखुरी अडचण चार पानांत लिहून देतात आणि नववीच्या तीन मुलांनी महिनाभर अभ्यास करून व्यासपीठावर उपाय मांडायचा. प्रत्येक शाळेला कॉलेजचे दोघं मार्गदर्शक. माझ्याबरोबर वर्गातला भुजंग आहे, जुन्या जालन्यातल्या कापडवाल्यांचा. आम्हाला अंबडच्या पुढची एक शाळा मिळाली. दर शनिवारी दुपारी जातो.

मुली तीन आहेत. अयोध्या, प्रयाग आणि सोजर. भुजंगानं पहिल्याच दिवशी विचारलं, "दोन तीर्थं आणि एक पलटण, यात्रा कुठं निघाली?" सोजर म्हणाली, "तुमच्या नावाचा नाग वारुळात सोडायला, सर." तेव्हापासून तो जरा जपून बोलतो.

आमच्या वाट्याला आलेली अडचण अशी. एक बियाणे कंपनी, नाव दिलेलं नाही, 'कंपनी अ' म्हटलं आहे. ती शेतकऱ्यांकडून संकरित सरकी तयार करून घेते. एका गावचं बी तपासणीसाठी पेरून पाहिलं, तर शंभरातली तेरा रोपं वेगळीच निघाली. दहापर्यंत चालतात. सगळा माल नाकारला. कारण लिहिलं आहे: क्रॉसिंग करणाऱ्या मजूर स्त्रियांचा निष्काळजीपणा. आणि प्रश्न असा, की देखरेख कशी वाढवावी?

हे वाचून तुला काय आठवेल ते मला ठाऊक आहे. १९९३ साली काकासाहेबांच्या शेतावर तुझ्या टोळीचं काम ज्या कारणानं गेलं, ते हेच. कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं होतं आणि मी पाहिलं ते सांगितलं होतं. त्याबद्दल हे पत्र नाही.

मला फक्त माहिती हवी आहे, कारण तू चार हंगाम मुकादम होतीस. संध्याकाळी एक बाई किती कळ्या सोलते? राहून गेलेली कळी सकाळी उमलली तर ती खुडून टाकण्याचं काम कोणाचं? बाजाराच्या दिवशी काय करत होतात? आणि कंपनी नराचं नि मादीचं बी कशातून देत होती?

सोबत पत्ता लिहिलेली दोन कार्डं ठेवली आहेत. तुझा सातपूरचा पत्ता तुझ्या टोळीतल्या चांगुणाबाईंकडून मिळवला.

सत्यशीला


मस्तगड, जालना
१९ जानेवारी २००३

अक्का,

कार्ड मिळालं. तू चारही प्रश्नांची उत्तरं दिलीस, तब्येतीची एक ओळ सोडली तर जास्त काही नाही. तुझं अक्षर अजून तसंच मोठं आहे.

तू लिहिलंस, "बाजारच्या दिशी बी कळ्या सोलूनच बाजारला जायचो." हे मी मुलींना वाचून दाखवलं. तुझं नाव सांगितलं नाही, एक जाणकार बाई म्हणाले. अयोध्या लगेच म्हणाली, "माझी माय बी तेच सांगती. पर तिचं कोण ऐकतं?" तिची आई पण मुकादम आहे. मागच्या हंगामात त्यांचाही माल नाकारला गेला आणि कंपनीच्या माणसानं चावडीपुढं बायकांना कामचोर म्हटलं. अयोध्या या स्पर्धेत का आली ते मला त्या दिवशी कळलं. तिला बक्षीस नको आहे. तिला तो शब्द खोडायचा आहे.

मी तिला सांगितलं की शब्द खोडायला आधी मोजावं लागतं. आई सांगते हे कारण होत नाही.

"मंग मोजू की," ती म्हणाली.

त्यांच्या शेतातली कापसाची पऱ्हाटी अजून उपटलेली नाही. तिथं गेलो. भुजंगानं नवीन बूट घातले होते आणि तो बांधावरच थांबला. त्याला हे काम काय असतं तेच नीट माहीत नव्हतं. सोजरनं वाळकं बोंड हातात धरून त्याला शिकवलं.

"हे बघा सर. कापसाच्या फुलात नर बी असतो आन् मादी बी. तसंच सोडलं तर ते आपलं आपणच फळतं. मंग दोन जातींचा संकर कसा व्हायचा? म्हणून एका जातीला मादी म्हणायचं. तिच्या कळ्या सांजच्याला सोलायच्या, आतली भुकटी काढून टाकायची. दुसरी जात म्हंजी नर. ती बाजूला लावायची. सकाळी नराचं फूल आणून सोललेल्या कळीला पुसायचं आन् देठाला दोरा बांधायचा. दोरा असल तेच बोंड कंपनी घेती."

"आणि कळी सोलायची राहिली तर?"

"तर तिला दोरा कसा बांधतील? डोळे फुटलेत का बायांचे?"

भुजंग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला आपण शिकवतोय की ही आपल्याला?"

मी दोरे बघत होते. मळके लाल दोरे वाळक्या देठांवर तसेच होते. म्हणजे काम झालं की नाही याची नोंद शेतातच उभी होती. आम्ही सहा ओळी ठरवल्या. प्रत्येक झाडाचे दोरे मोजायचे आणि वहीत लिहायचे. प्रयाग लिहीत होती. तिसऱ्या ओळीत तिनं विचारलं, "म्याडम, बुटक्या झाडाचे बी लिहायचे का?"

"कुठलं बुटकं?"

"हे काय. मधीमधी हायत."

मी दोन ओळी तशीच पुढे गेले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. झाडं सगळी एकाच दिवशी पेरलेली. मधूनच एखादं हातभर ठेंगणं. सहा ओळींत झाडं चारशे बारा. ठेंगणी एक्कावन्न. शेकडा बारा.

अक्का, कंपनीच्या त्या चार पानांत शेकडा तेरा लिहिले आहेत. हा योगायोग असू शकतो. पण मला रात्री जेवताना दुसरं काही सुचलं नाही.

ठेंगण्यांवरही दोरे आहेत, सरासरी एकोणीस. उंच झाडांवर तेवीस. म्हणजे बायकांनी ठेंगण्यांनाही सोडलेलं नाही. मग ती ठेंगणी का?

तुला ठाऊक असेल तर कळव.

सत्यशीला

ता. क. मी पहिल्या पत्रात तब्येत विचारली नव्हती. तू तुझी कळवलीस. माझी ठीक आहे.


मस्तगड, जालना
२७ जानेवारी २००३

अक्का,

उत्तर मिळालं. तुझ्याकडून नव्हे, प्रयागच्या आजीकडून.

काल झेंडावंदन होतं म्हणून आम्ही सकाळीच गेलो. जिलबी खाऊन झाल्यावर मुलींनी आम्हाला प्रयागच्या घरी नेलं. तिची आजी झुंबरबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी विचारलं, ओळींमधली काही झाडं बुटकी का राहिली?

"मागून लावलेली हायत ती, बाई. नांग्या भरलेल्या."

नांग्या मला माहीत होत्या. बी उगवलं नाही की ओळीत जागा रिकामी राहते, तिथं आठ-दहा दिवसांनी पुन्हा टोचायचं. आपल्याकडंही तेच म्हणतात. मी विसरले नव्हते, पण आठवलंही नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत नांग्या नसतात.

मी विचारलं, "मागून लावलेलं बी कुठलं होतं?"

"पुड्यातलं."

"कुठल्या पुड्यातलं? नराच्या की मादीच्या?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मिठाची जात विचारते आहे. "मादीचं बी मोजून येतं, ते पुरतच न्हाई. नराचं उरतं, वावर थोडं असतं ना त्याचं. मंग उरलेलं काय कोंबड्यांला टाकायचं? सरकी ती सरकी."

"पण आजी, ते नराचं बी मादीच्या ओळीत..."

"मंग वळ बोडकी ठिवायची का? लोक काय म्हणतील? वळीत एक बी खड्डा दिसला तर माझी सासू भाकर देत नव्हती."

 मग अयोध्यानं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढायला घेतलं. मादीच्या ओळीत नराचं झाड. बायका त्याचीही कळी सोलणार, कारण ती ओळीत आहे. सकाळी त्याला नराचंच फूल पुसणार. दोरा बांधणार. बोंड चांगलं भरणार. आणि आतलं बी निव्वळ नराचं.

"म्हंजी बायांनी जितकं चोख काम केलं," ती हळू म्हणाली, "तितकं बी बिघडलं."

मी चार वर्षं यंत्रांमधले दोष शोधायला शिकते आहे. इतकं नेमकं वाक्य माझ्या एकाही वहीत नाही.

परत येताना बसमध्ये भुजंग म्हणाला, "फार भारी आहे, पण त्यांनी विचारलंय देखरेख कशी वाढवावी. आपण सांगणार, देखरेखीचा संबंधच नाही, पुड्यांना वेगळा रंग द्या नि मादीचं बी मूठभर जास्त द्या. मार्क कोण देणार? प्रयागची आजी?"

"मग खोटं मांडायचं का?"

"मी कुठं म्हणालो? दोन्ही मांडू. थोडी देखरेख, थोडा रंग. परीक्षक बियाण्यातलेच निवृत्त साहेब आहेत, त्यांचं मन राहील."

ते चुकीचं नव्हतं. पण मी नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं आणि मी सांगितलं नाही.

आता तुला एक विचारायचं आहे. ९३ साली काकासाहेबांच्या शेतात नांग्या कोणी भरल्या होत्या? आणि कुठल्या बियानं?

सत्यशीला


मस्तगड, जालना
३ फेब्रुवारी २००३

अक्का,

तुझं कार्ड आज आलं. पूर्ण उतरवून ठेवते, म्हणजे मी काही वाढवलं नाही हे तुला कळेल:

"नांग्या आपण दोघींनी भरल्या. काकासाहेबांच्या द्वारकाकाकूनं नराचं उरलेलं बी डालड्याच्या डब्यात दिलं होतं. मी टोचत होते, डबा तू धरला होता. तुला शाळंला उशीर झाला म्हणून तू रडली. बेबीनंदा."

डबा मला आठवला. हिरवं माडाचं झाड होतं त्यावर, आणि कडेला गंज. हात लालसर झाले होते, बियाला लावलेल्या औषधामुळे. रडल्याचं आठवत नाही, पण तू लिहितेस तर रडले असेन.

म्हणजे त्या वर्षीचा दोष कळ्यांचा नव्हता. निदान सगळा नव्हता.

हे कार्ड आमच्या कामाचं आहे. मुलींकडे एकाच शेताची मोजणी आहे. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, दुसरीकडे असं घडल्याचा पुरावा काय? तुझं कार्ड म्हणजे तो पुरावा. पण ते सभागृहात वाचलं तर बियाण्यातल्या माणसांसमोर तुझ्या नावानं एक चूक उभी राहील. तू ती न कळता केलीस, तरी चूकच.

मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं. या वेळी विचारते. स्पर्धा रविवारी, ९ तारखेला आहे. तू हो लिहिलंस तरच वाचू. उत्तर पोचलं नाही तर ते नाही असं समजेन.

मुलींना हे सांगितलं आहे. सोजर म्हणाली, "फोन लावा की मंग." मी म्हटलं, माझ्या बहिणीकडे फोन नाही. बहीण हा शब्द तोंडून गेला. अयोध्यानं विचारलं, "जाणकार बाई तुमची बहीण हाय? मंग तुम्ही नाव का न्हाई घेतलं?"

सत्यशीला


मस्तगड, जालना
११ फेब्रुवारी २००३

अक्का,

तुझं उत्तर रविवारपर्यंत आलं नाही, आणि कार्ड वाचलं गेलं नाही. आधी तेवढं सांगते.

नऊ शाळा होत्या. आमचा नंबर सहावा. बाकीच्यांकडे रंगीत तक्ते होते, एका शाळेनं शेताच्या कडेला कॅमेरे लावायचं सुचवलं, त्याला टाळ्या पडल्या. आमच्या तिघींनी फळ्यावर एक ओळ काढली आणि तिच्यात ठेंगणी झाडं काढली. सोजरनं कळी सोलून दाखवली. कळी मिळेना म्हणून तिनं जास्वंदीची आणली होती. प्रयागनं आकडे सांगितले. अयोध्यानं ते वाक्य म्हटलं, जितकं काम चोख तितकं बी बिघडलं. मागं कोणीतरी 'वा' म्हणालं.

मग परीक्षकांनी विचारलं, "हे तुमच्या एका शेताचं झालं. आणखी कुठं असं घडल्याचं माहीत आहे?"

अयोध्यानं माझ्याकडे बघितलं. मार्गदर्शकाला शेवटी एक मिनिट बोलायची परवानगी होती. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. भुजंगानं कोपर मारलं, "उठ ना. कोणाला कळणारे तिनं हो म्हटलं का नाही?"

मी उठले नाही.

परीक्षक हसले. वाईट माणूस नव्हता, नुसता सरावलेला होता. त्यांनी तिला सोपं करून विचारलं, "बरं, मग 'कंपनी अ'च्या शेतात बायकांनी एकही कळी सोडली नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? हो की नाही, एवढंच सांग. तू हुशार दिसतेस."

अक्का, ती हो म्हणू शकत होती. तिला तेच म्हणायचं होतं. त्यासाठीच ती महिनाभर राबली होती, तिची आई तिसऱ्या रांगेत नवीन लुगडं नेसून बसली होती.

ती म्हणाली, "म्हाईत न्हाई, सर."

"म्हणजे?"

"आम्ही तिथं न्हवतो. बघितलं न्हाई, तर कसं सांगू? आमच्या शेताचं इचारा, झाडागणिक सांगते."

सभागृहात थोडे लोक हसले. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं, बहुधा कमी. पण कार्यक्रम संपल्यावर ते मुलींकडे आले आणि त्यांनी वही मागितली. अयोध्या म्हणाली, "बघा. पर हितंच बघा, घरी न्यायची न्हाई." ते उभ्या उभ्या सहाही ओळी वाचत राहिले. मग तिच्या आईला त्यांनी विचारलं, नराचं बी दर वर्षी साधारण किती उरतं? आई म्हणाली, "आजवर कुणी इचारलं न्हवतं, साहेब." दोघं तिथंच खुर्च्या ओढून बसले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

मुलींना सोडायला गेलो तेव्हा बसमध्ये अयोध्या वही मांडीवर घेऊन बसली होती. अंबडच्या स्टँडवर उतरताना म्हणाली, "म्याडम, मी हो म्हणायला पाह्यजे होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मला हे कसं पक्कं माहीत, ते तिनं विचारलं नाही. तुला सांगते.

९३ साली साहेब मोटरसायकलवरून आले, तेव्हा मी बांधावर पाटी-पुस्तक घेऊन बसले होते. तुम्ही सगळ्याजणी विहिरीकडे होतात. त्यांच्याकडे तपकिरी वही होती. त्यांनी विचारलं, "शाळेत जातेस का? कितवीत?" मी म्हटलं, सातवीत, पहिला नंबर. ते म्हणाले, "मग तू बराबर सांगशील. कळ्या राहतात का गं इथं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं, माझं सगळं लक्ष पुस्तकात असायचं. पण पहिल्या नंबरवाल्या मुलीनं माहीत नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हो. शेवटच्या चार ओळींत राहतात." चार हा आकडा मी तिथंच ठरवला. नुसतं 'राहतात' हे उत्तर अपुरं वाटलं. त्यांनी तो वहीत लिहिला. माझं बोलणं कोणी लिहून घेण्याची ती पहिली वेळ होती, आणि मला आनंद झाला होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, पाहिलं ते सांगितलं. ते खरं नाही. मी काही पाहिलं नव्हतं. दहा वर्षं मी स्वतःशीही तेच वाक्य म्हणत आले आणि महिनाभर तुला प्रश्न विचारले, कारण कळ्या खरंच राहिल्या होत्या असं निघालं असतं, तर माझं उत्तर खरं ठरलं असतं. मी दोष शोधत नव्हते. मी माझं उत्तर तपासत होते.

तू मला तेव्हा काहीच बोलली नाहीस. नुसती माझी वेणी घालायची थांबलीस. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न ठरलं आणि तू गेलीस.

काल दुपारी तुझं तिसरं कार्ड आलं. एकच शब्द आहे, "वाच." शिक्का सातपूरचा, सहा तारखेचा. पोचायला उशीर झाला. तू मला परवानगी दिलीस, ती कोणत्या सत्यशीलाला दिलीस ते हे पत्र वाचल्यावर पुन्हा ठरव. माझी हरकत नाही.

आज सकाळी मी गावी गेले, चांगुणाबाईंकडे. त्यांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "चार वळी म्हणालीस व्हय? आम्हाला त्या साहेबानं धा सांगितल्या." मग जरा वेळानं, "मला सांगून काय, एकली मीच थोडी होते. बाकीच्यांला कोण सांगणार?"

टोळीत तुझ्यासकट अकराजणी होत्या. मला आठवतात त्या अशा: तू, चांगुणाबाई, तुळजाबाई, मालनबाई, थोरल्या नंदाबाई, आणि दोघी बहिणी पुष्पा आणि कौशल्या. सात झाल्या. चांगुणाबाईंना आणखी कोणी आठवेना. त्या म्हणाल्या, मुकादमाला इचार, तिला तोंडपाठ असतील.

उरलेल्या चौघींची नावं कळव, आणि त्या आता कुठे राहतात तेही. मी एकेकीकडे जाणार आहे. तुझ्याकडे कधी येऊ, ते त्याच कार्डावर लिही. येऊ नको म्हणायचं असेल, तर तेही लिही.

तुझी
सत्यशीला